पाण्याबाहेरची तांबडी

नंजुंडण्णानं मला फसवलं. मी त्याला नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण बंगळुरात शोभेच्या माशांच्या धंद्यातली जी जुनी माणसं उरली आहेत, ती अजून उलटं सांगतात. यशवंतपूरच्या एका मराठी पोरीनं अण्णाला रोगट रोपं दिली, एका मोठ्या कंपनीत त्याची फजिती केली, आणि तरीही बिचाऱ्या अण्णानं तिचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, असं. त्यातलं शेवटचं तेवढं खरं आहे. त्यानं माझं नाव काढलं नाही. ते का, हेच मला इथं सांगायचं आहे. लिहिताना मी त्याला एकेरीच म्हणणार. समोर उभी राहिले की आजही तोंडातून 'तुम्ही'च येतं, त्याला माझा इलाज नाही.

आमचं घर यशवंतपूरच्या घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, एक मोरी आणि वर अर्ध्या भागावर पत्रा टाकलेली गच्ची. सकाळी कांद्याची पोती उतरायची, हमालांच्या कानडी आरोळ्या सुरू व्हायच्या, पलीकडे मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे, आणि या सगळ्यावर आवाज चढवून बोलायचे आमचे अप्पा. अप्पा निपाणीचे. कारखान्यात लेथवर काम करून त्यांचे कान मंद झाले होते, म्हणून ते मोठ्यानं बोलायचे. त्यांना ऐकू यावं म्हणून मीही. भांडण आणि गप्पा यांच्या आवाजात आमच्याकडे फरक नव्हता. शेजारच्या कानडी अक्का सुरुवातीला घाबरून दार उघडून बघायच्या, पुढं त्यांनी ते सोडून दिलं. एकटी आई हळू बोलायची. तिचं अर्धं बोलणं अप्पांना ऐकू जायचं नाही आणि उरलेलं अर्धं मी मनावर घ्यायची नाही. थंडीत बाजारात अवरेकाळू, म्हणजे इकडचा पावटा, ढिगांनी यायचा. आई तो रात्रभर भिजवून सकाळी मोरीच्या उंबऱ्यावर बसून चिमटीनं सोलायची. प्रत्येक दाणा सालातून सुटताना 'पच्' असा आवाज व्हायचा, कधी दाणा उडून माझ्या वहीवर पडायचा. त्या दाण्यांची निपाणीच्या कांदा-लसूण मसाल्यातली आमटी आणि तव्यावरची भाकरी, हे आमचं थंडीतलं जेवण. हल्ली माझ्या स्वयंपाकघरात सोललेला पावटा पिशवीतून येतो. आमटी तीच होते, पण तो आवाज नाही.

आईचं माहेर चंदगडकडचं. घरामागं ओढा. एकदा माहेराहून येताना तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून चार रोपं आणली. बोटभर उंचीची, अळवाच्या जातीतली, पण पान अळवासारखं रुंद नाही, पट्टीसारखं अरुंद. ती त्याला 'वढ्यातला अळू' म्हणायची. खायचा नव्हे, नुसता बघायचा. मोरीत उघड्यावर ठेवला तर दोन दिवसांत पानांच्या कडा कागदासारख्या वाळल्या. मग तिनं बिस्किटांची रिकामी प्लास्टिकची बरणी घेतली, तळाला वाळू आणि तांबडी माती घातली, बोटभर पाणी ओतलं, रोपं लावली आणि झाकण घट्ट बसवलं. आतल्या आत घाम फुटल्यासारखे थेंब जमायचे, बरणीच्या कडेनं ओघळून परत मातीत जायचे. रोपं जगली, वाढली, मातीतून आडवी धावती मुळं काढून त्यांनी पिल्लंही दिली. दिवसातून एकदा आई झाकण जरासं किलकिलं करून वास घ्यायची. मी विचारलं, "काय हुंगतीस गं?" म्हणाली, "आमच्या वढ्याचा वास येतोय बघ." मी हसले होते.

मी सतराची असेन. नंजुंडण्णाचं शोभेच्या माशांचं दुकान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. बाहेर काचेच्या टाक्या, आत निळा उजेड, हवा सोडणाऱ्या यंत्रांची अखंड गुरगुर. टाकीतल्या वनस्पती तो कोलकात्याहून रेल्वेनं मागवायचा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन दिवस डब्यात उकडून येईतो निम्मी जुडी चिखल झालेली असायची. एक दिवस दारात तो तशीच एक जुडी निवडत बसला होता, आणि माझी नजर गेली. आईच्या बरणीतलंच रोप, फक्त मेलेलं. मी जागीच थांबले. अण्णा कानडीतच बोलायचा. मी इथं बहुतेक मराठीत लिहिते, काही शब्द त्याचेच ठेवते.

"अण्णा, ह्याच्यापेक्षा चांगलं माझ्याकडं आहे."

"एल्लिंद तंदे? कुठनं आणलंस?"

"ते नाही सांगणार. हवं का ते बोला."

तो हसला. "अय्यो! सोळा वर्षांची पोरगी आणि बोलणं दलालाचं."

"सतरा."

दुसऱ्या दिवशी बरणीतलं एक पिल्लू त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते उलटं केलं, मुळावर अंगठ्याचं नख हलकेच दाबलं, आणि त्याचा चेहरा बदलला. ते नख लक्षात ठेवा. अण्णाची ती सवय होती. रोप कसंही दिसो, तो पानाकडं बघायचा नाही, मूळ दाबायचा.

मला पैसे नको होते. वनस्पती वाढवायला जागा आणि भांडी हवी होती. त्याच्याकडं मासे थर्माकोलच्या खोक्यांतून यायचे आणि कोपरा फुटलेली खोकी मागच्या अंगणात पडून असायची. तो म्हणाला, "दोन घेऊन जा, कचराच आहे." मी म्हणाले, "कचरा आहे तर दोनच का? सगळीच ने म्हणा." तो म्हणाला, "एनम्मा, काय गं, सगळी?" मी म्हणाले, "सगळी. शिवाय फुटक्या टाक्यांच्या काचा, झाकायला. आणि तुमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक जातीचं एक जिवंत रोप. वर्षभर त्याची पिल्लं दुसऱ्या कुणाला देणार नाही, हा शब्द." तो स्वल्प थांब, स्वल्प थांब म्हणत राहिला, मी थांबले नाही. शेवटी तो "सरी, सरी" म्हणत कबूल झाला आणि वर एक अट घातली: माल मागच्या दारानं द्यायचा, पुढच्या दारानं दुकानात यायचं नाही. मला वाटलं, माझ्या मळक्या चपलांची लाज वाटते त्याला. गिऱ्हाइकांना माल कुठून येतो ते कळू नये म्हणून ती अट होती, एवढं मला तेव्हाही समजायला हवं होतं. पण त्या अटीचा खरा तोटा वेगळाच होता. त्यामुळं माझी रोपं पाण्यात गेल्यावर कशी दिसतात, हे मी कधीच बघितलं नाही. दोन वर्षं मी टाकीतल्या वनस्पती पिकवल्या, आणि माझ्या घरात टाकी नव्हती.

गच्चीवर पत्र्याखाली खोक्यांच्या रांगा लागल्या. तळाला धुतलेली वाळू, वर लाल माती, पाणी मातीच्या बरोबरीनं, त्याच्यावर नाही. वर काच. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आईनं माझ्याकडं दिली आणि इस्त्री करताना ती पुन्हा हातानं पाणी शिंपडायला लागली. सकाळी नऊच्या आत एक फवारा, मग काच बंद. आत धुकं धरलं पाहिजे. धुकं नसलं तर कुठं तरी फट आहे, ती शोधून ओल्या मातीनं बुजवायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काच एकदम काढायची नाही. बंगळूरची हवा माणसाला बरी, पण बंद खोक्यातलं रोप तिच्यात अर्ध्या तासात मान टाकतं. पहिल्या दिवशी बोटभर फट, दुसऱ्या दिवशी दोन बोटं, असं करत आठ दिवसांनी काच पूर्ण काढायची. मी स्वभावानं तापट. ज्याचं झाकण आठ दिवस धीरानं उघडावं लागतं, तेच काम माझ्या वाट्याला यावं, याचं मला अजून हसू येतं. अप्पा संध्याकाळी वर यायचे, खोक्यांकडं बघायचे आणि ओरडून म्हणायचे, "ह्या जागेत एक खोली निघती. भाड्यानं जाईल. ह्या चिखलाचं काय होणार?" मी ओरडून म्हणायची, "होणार तेव्हा बघा!" त्यांनी मला दोन वर्षांनंतरच्या पाडव्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर माझ्या कामाला नाव मिळालं, चार लोकांत कुणी ओळखलं, तर गच्ची माझी. नाहीतर खोकी खाली आणि मी एका ओळखीच्या कारखान्यात टायपिंगला.

त्या थंडीत आईच्या ओढ्यातल्या अळवाच्या एका खोक्यात एक पिल्लू वेगळं आलं. आधी मला वाटलं उन्हानं भाजलं. पान आखूड, तांब्यासारखं, मधल्या शिरेला गुलाबी छटा, आणि डावी कड लाटेसारखी दुमडलेली. फक्त डावी. उजवी सरळ. मी ते वेगळं केलं. त्याची पिल्लं पण तशीच आली, सगळ्यांची डावी कड दुमडलेली. आई म्हणाली, "ही तांबडी झाली गं आपली." तेच नाव पडलं. तांबडीला मी रोज दोनदा बघायची. वर्षानं तिची अकरा झाडं झाली. अण्णाला त्यातलं एक दाखवलं. त्यानं मूळ दाबलं, पान उजेडाकडं धरलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मोलभाव करणारा माणूस गप्प बसला की समजावं, त्याला ती वस्तू हवी आहे.

मग हेब्बाळच्या तळ्याकडं नव्या काचेच्या इमारतीत एका कंपनीनं दर्शनी भागात भिंतभर टाकी बांधायचं काम अण्णाला दिलं. तो स्वतः स्कूटरवरून गच्चीवर आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आईनं त्याला भाकरी आणि अवरेकाळूची आमटी वाढली. तो मांडी घालून जेवला आणि जेवता जेवता म्हणाला, "सगळी हिरवी दे. आणि ती तांबडी, अकराच्या अकरा."

"तांबडी नाही."

"एनम्मा, हट्ट करू नकोस."

"आठ देते. तीन घरी राहणार. आणि टाकीखाली पाटी लागणार ना? त्यावर माझं नाव घाला. वनस्पती: शकुंतला, यशवंतपूर."

तो हसला. मी हसले नाही. "पाटीवर माशांची नावं असतात गं, माणसांची नाही."

"मग माशांनाच वाढवायला सांगा."

अप्पांना एवढं बरोबर ऐकू आलं आणि ते मोठ्यानं हसले. माझ्या बाजूनं हसलेले अप्पा मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. अण्णानं ताटात हात धुतला आणि म्हणाला, "सरी. नाव येईल." पितळी पाटी कोरून आली तेव्हा त्यानं ती मला दाखवलीही. माझं नाव कानडीत आणि इंग्रजीत. मी त्यावरून बोट फिरवलं होतं.

टाकीत रोपं मीच लावली. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, एकेक मूळ वाळूत खोचून. तांबडीची आठ झाडं मध्यभागी. पाणी भरल्यावर ती हललीदेखील नाहीत, ताठ उभी राहिली, हवेत उभी असल्यासारखी. मला वाटलं, झालं. परत येताना अण्णानं रस्त्यात कॉफी पाजली.

नवव्या दिवशी सकाळी अण्णाची स्कूटर दारात. "चल."  टाकीसमोर कंपनीचा एक अधिकारी उभा होता आणि झाडलोट करणाऱ्या दोन बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. पाणी चहासारखं झालं होतं. हिरव्या रोपांची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळून पडली होती, तांबडीच्या जागी तपकिरी लाळ तरंगत होती. मासे त्यातून वाट काढत होते. अधिकारी अण्णावर इंग्रजीत ओरडत होता, आणि त्याचं संपायच्या आत अण्णा माझ्याकडं वळून कानडीत ओरडायला लागला, त्या सगळ्यांसमोर. "कोळेतु होयितु! सगळं कुजलं! काय दिलंस तू मला? रोग दिलास!"   मी वरून वाकून टाकीत हात घातला आणि तांबडीचं एक झाड उपटलं. पानं बोटांत विरघळली. अण्णानं ते माझ्या हातातून घेतलं, सवयीनं मुळावर नख दाबलं, आणि बाजूच्या पिशवीत टाकलं. मूळ पांढरं होतं. मी बघितलं होतं ते. पांढरं आणि टणक. कुजलेल्या झाडाचं मूळ पांढरं नसतं, हे गच्चीवर मला कुणीही झोपेत विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. तिथं लोकांच्या नजरांत उभी असताना ते डोळ्यांना दिसलं, डोक्यात शिरलं नाही.

बाहेर झाडाखाली त्यानं आवाज मऊ केला. "हे बघ, रोग तुझ्या खोक्यांत आहे. बातमी पसरली तर शहरात कुणी तुझ्याकडून पान घेणार नाही. घरी जी तांबडी आहे ती पण आण. टाकीतल्या आठांबरोबर जाळून टाकतो. मी कुणाला बोलत नाही."

आणि मी तिथंही सौदा केला. याची लाज मला सगळ्यांत जास्त वाटते. मी म्हणाले, "तीनही देते. पण ती पाटी काढा. माझं नाव कुठंच यायला नको. कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणा." पितळी पाटीवर यावं म्हणून ज्या नावासाठी मी भांडले होते, ते नाव मी माझ्या तोंडानं पुसायला सांगितलं. अण्णा म्हणाला, "सरी. शब्द दिला." दुपारी मी तीन झाडं त्याच्या मागच्या दारात ठेवून आले.

घरी येऊन मी खोकी पालथी करायला लागले. माती गच्चीभर. अप्पा कामावर होते. आई पायऱ्या चढून वर आली, पदर कमरेला खोचून माझ्या शेजारी बसली आणि तिच्या हळू आवाजात म्हणाली, "शकू, आमच्या वढ्याला पावसाचं पाणी आलं की ह्या झाडाची पानं कुजत्यातच. दरसाली. खरं मुळं जित्ती असत्यात. पंधरा दिवसांनी पाण्यातनं नवी पानं येत्यात, लांब. तू जरा थांब की."

मी तिच्यावर ओरडले. "तुझ्या ओढ्याचं मला सांगू नकोस! तुला काय कळतं टाकीतलं?"

ती उठली नाही. तिनं पालथ्या खोक्यातली माती हातानं गोळा करून एका बाजूला केली आणि खाली गेली. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. पाडव्याला अप्पांनी गच्चीवर खोली बांधायला घेतली. मी टायपिंगला गेले. त्यानंतरची वर्षं, नोकरी सोडून बाजारात नारळाची आडत, तिथून पुन्हा वनस्पतींकडं येणं, हे दुसऱ्या प्रकरणांत येईल. आज सर्जापूर रोडच्या उंच इमारतींत राहणारी पुण्या-मुंबईची पोरं माझ्याकडून रोपं नेतात आणि मला 'काकू' म्हणतात. मी प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच सांगते: पाण्यात घातल्यावर पानं विरघळतील, घाबरू नका, टाकून देऊ नका, मुळं पांढरी असली तर झाड जिवंत आहे. ते वाक्य आईचं आहे. मी मात्र ते फार पुढं एका दुसऱ्या दुकानदाराकडून शिकले, आणि शिकले त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. आई तेव्हा नव्हती.

मध्ये एक गोष्ट राहिली. टायपिंगला लागून सहा-आठ महिने झाले असतील, एका सकाळी बसच्या वाटेवर अण्णाच्या दुकानापुढून चालले होते. मागच्या दारानं यायचं बंधन आता नव्हतं. दर्शनी टाकीत वीतभर लांब पानांची, तांबूस गुलाबी झाडं झुलत होती. मी आत शिरले. "ही कुठली?"

"सिंगापूरची," अण्णा म्हणाला.

पान लांब होतं, पातळ होतं, रंग वेगळा होता. तांबडी आखूड, जाड, तांब्याची. डावी कड दुमडलेली आहे का ते बघायला मी काचेला नाक लावलं, पण पाण्यात पानं वळत होती, कड दिसत होती आणि नाहीशी होत होती. मी छातीठोक सांगू शकले नाही. मी माझं झाड पाण्यात कधी पाहिलंच नव्हतं. अण्णाला ते ठाऊक होतं. मी ओरडले, "ही माझी आहे!" तो शांतपणे म्हणाला, "तुझी कुजली ना गं, तुझ्यासमोर." दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. मी बाहेर पडले. कुणी विचारेल, एवढी हुशार तू, एखाद्या माणसाकरवी एक झाड विकत आणून खोक्यात, पाण्याबाहेर, वाढवून का नाही बघितलंस? पाण्याबाहेर आलं की ते आपलं खरं रूप दाखवतंच. खरं उत्तर देते. मला भीती वाटली. ते सिंगापूरचंच निघालं असतं, तर रोग माझाच होता हे पक्कं झालं असतं. मी राग जपला, खात्री करून घेतली नाही.

खात्री दुसऱ्याच पोरीनं करून दिली. केतकी पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, सर्जापूर रोडला राहते. दोन महिन्यांपूर्वी मोबाइल पुढं करून म्हणाली, "काकू, ही यशवंतपूरच्या एका जुन्या दुकानातून घेतली. तुम्ही शिकवलंत तशी बाहेर, डब्यात लावली. आता बघा ना, किती वेगळीच दिसतेय! लीफ एकदम छोटं झालं." फोटोत धुक्यानं भरलेला प्लास्टिकचा डबा होता. आत तांब्यासारखी, आखूड पानं. मधली शीर गुलाबी. मी फोटो मोठा केला. डावी कड दुमडलेली. सगळ्या पानांची.

"काकू? काय झालं?"

"काही नाही. मला ह्यातली तीन दे."

तीनच मागितली. तीनच दिली होती.

काल त्यातलं एक झाकणाच्या डब्यात घालून, रिक्षात मांडीवर धरून मी यशवंतपूरला गेले. नंजुंडण्णा आता ऐंशीच्या पुढं आहे, दुकान मुलगा बघतो, तो गल्ल्याशेजारी खुर्चीत बसतो. डबा मी त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं झाकणावरचं धुकं अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला, धुकं आतून होतं, पुसलं गेलं नाही. मग डबा उचलून खालून बघितला. प्लास्टिकच्या तळाशी मुळं पसरली होती, पांढरी. त्याच्या नखाची हालचाल झाली, प्लास्टिकवरच.

"ही कुणाची, अण्णा?" मी विचारलं.

तो म्हणाला, "हेसरू बेडा अंत नीने हेळिद्दे. नाव नको म्हणून तूच म्हणाली होतीस."

मी उठून आले. रिक्षात बसल्यावर मला उत्तर सुचलं. ते उत्तर आता इथं लिहिते.

नाव नको हे मी म्हणाले, अण्णा. ते माझं, ते मी नाकारत नाही. पण रोग आहे हे कोण म्हणालं? आमच्या घरची आमटी जेवलेला माणूस म्हणाला. मूळ नखानं दाबून, पांढरं आहे हे बघून, मग म्हणाला. जाळतो म्हणून नेलेली अकरा झाडं कुठं जाळलीत? सिंगापूर कुठल्या गल्लीत आहे? आईनं मला खरं सांगितलं होतं आणि मी तिच्यावर ओरडले, त्याचा जाब मी रोज स्वतःला विचारते. तुमचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.

डबा मी मुद्दाम तुमच्याजवळच ठेवून आले आहे. झाकण एकदम काढू नका, ती मान टाकेल, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पहिल्या दिवशी बोटभर फट. दुसऱ्या दिवशी दोन बोटं. आठ दिवसांनी झाकण पूर्ण निघेल. तेवढे आठ दिवस तुमचे. नवव्या दिवशी मी पुढच्या दारानं येईन, दुकानात गिऱ्हाइकं असतील तेव्हाच येईन, आणि ती उघडी तांबडी मधोमध ठेवून विचारीन. मुलासमोर, सगळ्यांसमोर सांगा, अण्णा. रोग होता की नव्हता?